हेन्री लेलँड: मोटारीला मापाची शिस्त लावणारा कारखानदार

प्रश्न असा आहे: मोटार बनवली कार्ल बेन्झ यांनी, ती सामान्य माणसाच्या आवाक्यात आणली हेन्री फोर्ड यांनी, मग हेन्री लेलँड यांचं नाव आद्य मोटार कारखानदारांत का घ्यायचं? आणि कॅडिलॅक व लिंकन अशा दोन कंपन्या उभ्या करणाऱ्या माणसाच्या हाती शेवटी एकही का राहिली नाही?

माझी नोकरी मशीन शॉपमध्ये आणि नंतर इन्स्पेक्शनमध्ये झाली. मायक्रोमीटर हातात घेऊन ज्याचा दिवस सुरू होतो त्याला लेलँड यांच्याबद्दल आपलेपणा वाटणारच, आणि मला तो आहे.

पहिल्या प्रश्नाचं थेट उत्तर देतो. एका गाडीचा पार्ट दुसऱ्या गाडीला कानस न लावता बसला पाहिजे, ही गोष्ट लेलँड यांनी मोटारधंद्यात सर्वांसमक्ष सिद्ध करून दाखवली. आज हे इतकं गृहीत धरलेलं आहे की त्यात काही विशेष वाटत नाही. त्या काळी मात्र बहुतेक कारखान्यांत गाडी 'बसवून' घेतली जायची. मशीनवरून आलेला पार्ट मापाच्या आसपास असायचा. मग फिटर तो व्हाइसमध्ये धरायचा, ब्लू, म्हणजे खूण उमटवणारा निळा रंग, लावून कुठे घासतंय ते बघायचा आणि कानशीने, स्क्रेपरने थोडं थोडं काढत जोडीच्या पार्टला जुळवायचा. अशी जुळवलेली जोडी उत्तम चालायची, यात शंका नाही. युरोपातल्या भारी गाड्यांचा लौकिक अशाच कसलेल्या हातांवर उभा होता. पण तो पिस्टन फक्त त्याच सिलेंडरचा, ते बेअरिंग फक्त त्याच शाफ्टचं. रस्त्यात काही तुटलं की नवा पार्ट मागवून भागायचं नाही, तो बसवायला पुन्हा फिटरच लागायचा. आणि गाड्या दुप्पट करायच्या तर फिटर दुप्पट हवेत. तसे हात तयार व्हायला वर्षं जातात.

आता १९०८ सालची गोष्ट. कॅडिलॅकचे इंग्लंडमधले एजंट फ्रेडरिक बेनेट यांनी रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली एक चाचणी मागून घेतली. विक्रीसाठी आलेल्या गाड्यांमधून एक सिलेंडरच्या तीन मॉडेल के गाड्या निवडल्या गेल्या आणि ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर नेल्या. आधी तिन्ही चालवून पाहिल्या. मग पूर्ण उघडल्या. प्रत्येक गाडीचे ७२१ पार्ट. ते सगळे एकत्र मिसळले, म्हणजे कुठला पार्ट कुठल्या गाडीचा हे कळायला मार्ग नाही. एवढ्यावर क्लबचे लोक थांबले नाहीत. त्यांनी ढिगातून ८९ पार्ट बाजूला काढले, तेही जिथे माप सर्वांत नाजूक असतं असे, आणि त्यांच्या जागी एजंटच्या स्टोअरमधले पार्ट घ्यायला लावले. मग मेकॅनिकनी पाने, स्क्रू ड्रायव्हर अशा साध्या हत्यारांनी त्या ढिगातून पुन्हा तीन गाड्या उभ्या केल्या. तिन्ही सुरू झाल्या आणि ट्रॅकवर ५०० मैल धावल्या. त्यांतली एक तशीच कुलपात ठेवली आणि जूनमध्ये २,००० मैलांच्या शर्यतीवजा चाचणीत उतरवली. तिथेही तिने आपल्या गटात बाजी मारली. या कामगिरीसाठी कॅडिलॅकला क्लबची ड्यूअर ट्रॉफी मिळाली. अमेरिकी माल म्हणजे स्वस्त आणि कामचलाऊ, असं समजणाऱ्या इंग्लंडने ती दिली, हे माझ्या मते ट्रॉफीपेक्षा मोठं.

हे साधायला काय लागतं, हे शॉपमधल्या भाषेत सांगतो, कारण इथेच लेलँड यांचं खरं काम आहे.

समजा शाफ्ट आणि बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी, अशी जोडी आहे. दोघांत दीड थाऊ फट हवी. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, साधारण २५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). कानस मारणारा फिटर शाफ्टचा व्यास किती आहे याची फिकीर करत नाही, तो फक्त फट बघतो. शाफ्ट चार थाऊ मोठा असला तर बुश चार थाऊ मोठं करतो आणि काम भागतं. पण अदलाबदल हवी असेल तर शाफ्टवाल्याला बुश दिसताच कामा नये. तो दुसऱ्या खात्यात, कदाचित दुसऱ्या कारखान्यात आहे. त्याच्यापुढे फक्त ड्रॉइंगवरचा आकडा आणि त्या आकड्याभोवतीची सूट, म्हणजे टॉलरन्स. सूट फार ठेवली तर सैल शाफ्ट आणि सैल बुश एकत्र येऊन इंजिन खडखडतं. फार कमी ठेवली तर अर्धा माल रिजेक्ट होतो. ही सूट कुठे किती द्यायची हे ठरवणं म्हणजे निम्मी इंजिनिअरिंग, असं मी नव्या मुलांना नेहमी सांगतो.

पुढची अडचण अशी की चुका साचत जातात. क्रँकशाफ्टचा थ्रो (पिस्टनला वर-खाली नेणारा शाफ्टचा वाकडा भाग मध्यापासून किती दूर आहे ते अंतर), कनेक्टिंग रॉडची लांबी, पिस्टनची उंची, हे तिन्ही आपापल्या सुटीत असूनही एकाच बाजूला झुकलेले निघाले, तर पिस्टन ठरल्यापेक्षा वर येतो. एका इंजिनाचं कॉम्प्रेशन जास्त, दुसऱ्याचं कमी. म्हणून माप तपासायची वेळ गाडी जोडताना येऊन चालत नाही. प्रत्येक टप्प्यावर लिमिट गेज, म्हणजे माप सुटीत आहे की नाही ते तपासणारं दोन बाजूंचं हत्यार, हवं: गो बाजू आत गेलीच पाहिजे, नो-गो बाजू अडलीच पाहिजे. आणि गेज रोज घासतं. दिवसाला शेकडो भोकांत जाणारी गो बाजू हळूहळू बारीक होते आणि खराब माल पास करायला लागते, कुणाच्या लक्षातही न येता. मग त्या गेजला तपासणारं मास्टर गेज लागतं आणि मास्टरला तपासणारं त्याहून अचूक काहीतरी. शिवाय उष्णता आहेच: १०० मिलिमीटरचा पोलादी तुकडा पाच अंशांनी तापला की सहा मायक्रॉनच्या आसपास वाढतो. मशीनवरून गरम उतरलेला जॉब आणि थंड खोलीतलं गेज, यांची भांडणं मी किती सोडवली असतील सांगता येत नाही.

स्वीडनच्या कार्ल एडवर्ड योहान्सन यांनी गेज ब्लॉकचा संच तयार केला होता. पोलादाचे चौकोनी तुकडे, इतके सपाट की एकावर एक सरकवून दाबले की चिकटून बसतात आणि हवं ते माप उभं करता येतं. आजही आमच्या स्टँडर्ड रूममध्ये हेच असतं. अमेरिकेत हे ब्लॉक वापरणाऱ्या अगदी पहिल्या कारखान्यांमध्ये कॅडिलॅकचं नाव घेतलं जातं. म्हणजे ज्या वेळी इतर मोटारवाले अजून घोडागाडीच्या कारागिरांकडून बॉडी करून घेत होते, त्या वेळी लेलँड मास्टर गेजच्या वरचं माप शोधत होते.

हे वेड आलं कुठून? त्यांचा जन्म १८४३चा, व्हरमाँट राज्यातल्या बार्टनजवळच्या शेतकरी घरातला. पोरवयात ते मॅसॅच्युसेट्समध्ये यंत्रमाग बनवणाऱ्या कारखान्यात उमेदवार म्हणून लागले. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं तेव्हा ते स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रागारात काम करत होते. हे महत्त्वाचं आहे. तिथे बंदुकीचे भाग अदलाबदल होतील असे बनवण्याची पद्धत तोपर्यंत चांगली रुळलेली होती, कारण रणांगणावर दोन मोडक्या बंदुकांतून एक चालू बंदूक करता आली पाहिजे ही लष्कराची गरज होती. युद्धानंतर काही काळ ते कोल्टच्या रिव्हॉल्व्हर कारखान्यात होते. मग १८७२मध्ये ऱ्होड आयलंडच्या प्रॉव्हिडन्स शहरातली ब्राऊन अँड शार्प. मायक्रोमीटर अमेरिकेत घरोघरच्या मशीनिस्टपर्यंत पोचवणारी हीच कंपनी, आणि तिचं युनिव्हर्सल ग्राइंडिंग मशीन १८७६मध्ये आलं तेव्हा लेलँड तिथेच होते. शिलाई मशीनचं खातं त्यांच्याकडे होतं. कडक केलेल्या पोलादाला अचूक माप देण्याचा खरा उपाय म्हणजे ग्राइंडिंग, फिरत्या दगडी चाकाने घासणं. कानस तिथे चालतच नाही. जवळजवळ अठरा वर्षं त्यांनी तिथे काढली. पुढे डेट्रॉइटने मोटारीत जे केलं त्याची मुळं मला या बंदुकांच्या आणि शिलाई मशीनच्या कारखान्यांत दिसतात.

१८९०मध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, ते डेट्रॉइटला गेले. लाकडाच्या व्यापारात पैसा कमावलेले रॉबर्ट फॉल्कनर यांनी भांडवल घातलं आणि लेलँड अँड फॉल्कनर हे मशीन शॉप उभं राहिलं. मुलगा विल्फ्रेडही पुढे बरोबर आला. तिथे गिअर, सायकलचे भाग, बोटींची इंजिनं असं कायकाय होत होतं. १९०१मध्ये रॅन्सम ओल्ड्स यांच्या गाडीसाठी इंजिनांची मोठी ऑर्डर आली. तशीच इंजिनं डॉज बंधूही पुरवत होते. ड्रॉइंग एकच, पण लेलँडच्या इंजिनाची ताकद जास्त भरायची. एका प्रदर्शनात दोन्ही इंजिनं शेजारी ठेवली होती आणि दोन्हींचा वेग सारखा दिसावा म्हणून लेलँडच्या इंजिनाला ब्रेक लावून ठेवला होता, अशी हकीकत सांगतात. मला ती पटते. रिंग नीट बसली, व्हॉल्व्ह नीट टेकला, बेअरिंग कुठे आवळलं नाही, तर वाया जाणारी ताकद चाकाला मिळते. त्यात जादू काही नाही.

लेलँड यांनी मग त्याच इंजिनात सुधारणा करून ताकद दहा अश्वशक्तीच्या वर नेली. ओल्ड्स यांच्याकडून नकार आला. गाडी हातोहात खपत होती, इंजिन बदलायचं तर उत्पादन थांबवावं लागलं असतं. धंद्याच्या हिशेबाने तो निर्णय चुकीचा म्हणवत नाही. पण त्यामुळे एक उत्तम इंजिन गाडीविना पडून राहिलं.

इथे फोर्ड यांचा संबंध येतो. १९०२मध्ये हेन्री फोर्ड कंपनीचे भागीदार फोर्ड यांच्या संथपणाला कंटाळले होते आणि त्यांनी लेलँड यांना सल्लागार म्हणून बोलावलं. फोर्ड ९०० डॉलर आणि स्वतःचं नाव घेऊन बाहेर पडले. मग त्या भागीदारांनी कंपनी मोडीत काढायचं ठरवून ऑगस्टमध्ये लेलँड यांना मशिनरीची किंमत ठरवायला सांगितलं. लेलँड यांनी किंमत काढून दिली आणि वर सांगितलं की कंपनी बंद करू नका, माझ्याकडे इंजिन तयार आहे, त्याभोवती गाडी बांधा. अशी कॅडिलॅक जन्मली. डेट्रॉइटची स्थापना १७०१मध्ये करणाऱ्या फ्रेंच अधिकाऱ्याचं हे नाव. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात या गाडीसाठी दोन हजारांवर ऑर्डर आल्या. लेलँड यांचं वय तेव्हा साठीला टेकलं होतं.

त्यांच्या कडकपणाचा सर्वांत चांगला साक्षीदार अल्फ्रेड स्लोन. हे स्लोन पुढे जनरल मोटर्सचे प्रमुख झाले, पण तेव्हा ते हायट कंपनीचे रोलर बेअरिंग विकणारे तरुण होते. त्यांच्या मालाबद्दल तक्रार आली म्हणून लेलँड यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. लेलँड यांनी टेबलावर बेअरिंग ठेवली, मायक्रोमीटर लावला आणि ठरलेल्या सुटीच्या बाहेर कोणकोणतं आहे ते एकेक करून दाखवलं. हजारो बेअरिंग बनवली तरी पहिलं आणि शेवटचं तंतोतंत सारखं असलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मोठ्या प्रमाणावर उत्पादन म्हणजे काय हे आपल्याला त्या दिवशी कळलं, अशा अर्थाचं स्लोन यांनी पुढे आत्मचरित्रात लिहून ठेवलं. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण इथे शिस्त कारखान्याच्या भिंतीबाहेर गेली. गाडी बनवणारा एकटा अचूक असून भागत नाही, त्याला माल पुरवणारे सगळे अचूक व्हावे लागतात. सप्लायर क्वालिटी नावाचं जे खातं आज प्रत्येक मोठ्या कारखान्यात असतं, त्याचं काम त्या टेबलावर सुरू झालं होतं. फोर्ड यांची चालती असेंब्ली लाइन १९१३ची. लाइनवर जॉब पुढे सरकत असताना कुणी कानस मारत बसलं तर मागचं सगळं अडतं. तेव्हा लाइनच्या आधी अदलाबदल होणारे पार्ट यावेच लागतात. ते श्रेय एकट्या लेलँड यांचं नाही, फोर्ड यांच्याकडेही उत्तम टूलरूमवाले होते. पण तो रस्ता कॅडिलॅकने आधी तुडवला होता.

१९०९मध्ये विल्यम ड्युरंट यांनी जनरल मोटर्ससाठी कॅडिलॅक विकत घेतली आणि लेलँड पिता-पुत्रांकडेच चालवायला ठेवली. त्यानंतरची दोन कामं थोडक्यात सांगतो. एक म्हणजे सेल्फ स्टार्टर. हँडल मारून इंजिन सुरू करताना ते उलटं फिरलं की हात मोडायचा, कधी जीवही जायचा. अशाच अपघातात लेलँड यांच्या ओळखीतले मोटार उत्पादक बायरन कार्टर दगावले आणि त्यातून त्यांनी हा प्रश्न हाती घेतला, असं सांगितलं जातं. उत्तर शोधलं डेटनच्या चार्ल्स केटरिंग यांनी. गल्लापेटीला विजेची मोटर बसवताना त्यांच्या ध्यानात आलं होतं की क्षणभरच जोर लावायचा असेल तर छोट्या मोटरला तिच्या कुवतीबाहेर राबवता येतं. १९१२च्या कॅडिलॅकमध्ये इलेक्ट्रिक स्टार्टर आणि दिवे आले आणि ड्यूअर ट्रॉफी दुसऱ्यांदा मिळाली. दुसरं काम १९१४मध्ये आणलेलं व्ही-आठ इंजिन. आठ सिलेंडरचं इंजिन कॅडिलॅकच्या आधी युरोपात झालं होतं, पण रोज हजारो लोक वापरतील अशा गाडीत ते नियमित बनवता येतं हे कॅडिलॅकने दाखवलं. इतके सिलेंडर सारखे काम करायचे तर मापाची शिस्त आधी हवीच.

आता प्रश्नाचा दुसरा भाग. १९१७मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. विमानांची इंजिनं बनवावीत यावर लेलँड ठाम होते, ड्युरंट तयार नव्हते. चौऱ्याहत्तराव्या वर्षी लेलँड यांनी कॅडिलॅक सोडली आणि मुलाबरोबर नवी कंपनी काढली. १८६४मध्ये पहिलं मत ज्यांना दिलं त्या अब्राहम लिंकन यांचं नाव तिला दिलं. बारा सिलेंडरची, चारशे अश्वशक्तीची लिबर्टी इंजिनं तिथे साडेसहा हजार तयार झाली. मग युद्ध संपलं आणि एवढा मोठा कारखाना, एवढे कामगार, काम मात्र काही नाही अशी अवस्था आली. त्यांनी मोटार करायचं ठरवलं. लिंकन गाडी १९२०च्या सप्टेंबरमध्ये बाजारात आली.

कंपनी बुडाली ती लेलँड यांच्या अचूकतेच्या हट्टापायी, असं अनेकदा ऐकू येतं. मला ते अर्धवट वाटतं. हट्टामुळे गाडीला उशीर झाला हे खरं. बॉडीचा घाट जुनाट होता हेही खरं. आतलं इंजिन अप्रतिम, पण श्रीमंत गिऱ्हाईक आधी बाहेरचं बघतं आणि लेलँड यांना त्या बाजूची दृष्टी नव्हती. पण त्याच सुमारास अमेरिकेत मंदी आली, महागड्या गाड्यांचं गिऱ्हाईक आटलं, वर युद्धकाळातल्या नफ्यावर सरकारची मोठी करमागणी येऊन पडली. युद्धासाठी उभारलेला कारखाना कर्जावर शांततेच्या धंद्याकडे वळवणं कुणालाही जड गेलं असतं. कारण शोधायचंच तर मी आधी भांडवलाची रचना बघेन, टॉलरन्स नंतर. कॅडिलॅकच्या वेळी पैशाची बाजू इतरांनी उचलली होती. लिंकनमध्ये दोघा लेलँडना ती स्वतः सांभाळावी लागली.

४ फेब्रुवारी १९२२ रोजी दिवाळखोरीतल्या लिंकन कंपनीची विक्री झाली. ८० लाख डॉलर देऊन ती घेतली हेन्री फोर्ड यांनी, म्हणजे वीस वर्षांपूर्वी लेलँड आल्यावर जे स्वतःच्या कंपनीतून निघून गेले होते त्यांनी. कारभार लेलँड यांच्याकडेच राहील असं सुरुवातीला बोललं गेलं, पण फोर्डची माणसं शॉपमध्ये शिरली, पद्धती बदलू लागल्या, खटके उडाले आणि जूनमध्ये बाप-लेक दोघांना बाहेर पडावं लागलं. आपल्या शब्दावर पैसे गुंतवलेल्या जुन्या भागधारकांची भरपाई करायचं फोर्ड यांनी कबूल केलं होतं, असं लेलँड यांचं म्हणणं होतं. त्यासाठी ते कोर्टात गेले. न्यायालयाने ते मान्य केलं नाही.

त्यांच्याबद्दल लिहिताना एक बाजू सोडून देणं बरोबर होणार नाही. कामगार संघटनांना त्यांचा कट्टर विरोध होता आणि डेट्रॉइटच्या मालकांनी संघटनांविरुद्ध जी फळी उभी केली तिच्यात ते पुढे होते. फिटरच्या हातातली कानस गेली तेव्हा त्याच्या हातातला सौदाही गेला, हे त्या काळच्या कामगाराला नीट कळत होतं. दुसरीकडे, मुलांना शिकवून कारागीर तयार करण्यासाठी कॅडिलॅकमध्ये प्रशिक्षण शाळाही त्यांनीच काढली. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या होत्या, आणि एकीवरून दुसरी पुसता येत नाही.

मोटार इंजिनिअरांच्या अमेरिकी सोसायटीचे ते १९१४मध्ये अध्यक्ष होते. मार्च १९३२मध्ये, एकोणनव्वदाव्या वर्षी, डेट्रॉइटमध्ये त्यांचं निधन झालं. लिंकन फोर्डकडे गेल्यावर हेन्री फोर्ड यांचे चिरंजीव एडसेल फोर्ड यांनी बॉडीचा घाट सुधारून घेतला आणि लेलँड यांच्या इंजिनावर ती गाडी पुढे अनेक वर्षं विकली गेली. आणि १९२३मध्ये, लेलँड बाहेर पडल्याच्या पुढच्याच वर्षी, गेज ब्लॉकवाले योहान्सन स्वतः अमेरिकेत येऊन फोर्ड कंपनीत रुजू झाले.